पुस्तकातलं तापमान

जयपुरात डांबराचं परीक्षण करायला मी आले ती सरांमुळे. सर आमच्याच सांगलीचे. त्यांच्या कंपनीत रस्त्यांचे आराखडे व्हायचे आणि प्रयोगशाळा माझ्याकडे होती. राजा पार्कमधली खोलीही त्यांनीच शोधून दिली. संक्रांतीला बायकोसोबत तिळगूळ घेऊन आले. म्हणून तर राग अजून जात नाही.

काम तसं सरळ. डांबर आणि खडीचे गोल नमुने करायचे, यंत्रात घालून दाबायचे, किती दबतात ते मोजायचं. तो आकडा संगणकात घातला की तो सांगतो, रस्ता किती वर्षं टिकेल आणि थर किती जाड हवा. संगणकाला कसली आलीय अक्कल? जे खायला घालाल तेच ओकणार.

शहराबाहेरचा, संगमरवराच्या ट्रकांचा एक रस्ता आमच्याकडे आला. नियमांच्या पुस्तकात परीक्षणाचं तापमान पस्तीस अंश. अहो, मे महिन्यात इथल्या डांबराला चप्पल चिकटते! मी नमुने रस्त्याइतके तापवून पुन्हा दाबले, तर लोण्यासारखे बसले. थर जाड करावा लागणार हे उघड होतं. सरांनी शांतपणे समजावलं की नियम पस्तीसचाच आहे, खर्च वाढला तर काम दुसरीकडे जाईल आणि पहिली गदा माझ्या प्रयोगशाळेवर येईल. मी भांडले, रडकुंडीला आले. पालथ्या घड्यावर पाणी. आराखड्यात पुस्तकातलाच आकडा गेला.

दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडल्या. ट्रक त्यांतून हेलकावे खात जायचे. बैठक बसली, रस्ते खात्याचे अधिकारी तापलेले. सर उठून म्हणाले की आराखडा नियमाप्रमाणेच होता, पण यंदाची उष्णता अनपेक्षित होती. जयपुरात, अनपेक्षित! हसावं की रडावं कळेना. तरी मी गप्पच बसणार होते, देवाशप्पथ. आपलेच दात, आपलेच ओठ. पण सर माझ्याकडेच वळले.

"तूच सांग ह्यांना, एवढ्या उष्णतेची कुणाला कल्पना होती?"

"मला होती, सर. आणि मी तुम्हाला दिलीही होती."

प्रयोगशाळा महिनाअखेरीला बंद झाली. तो रस्ता आता उकरून पुन्हा करतायत. त्याचा आकडा कुणी मोजतच नाही, सरळ पुस्तकातून उतरवून घेतात.