दोघांत मिळून एक सिनेमा

लीलाकाकूंना दुसऱ्यांची घरं बघायचा नाद होता. घर घ्यायचं नव्हतं त्यांना. स्टॅनमोरला स्वतःचं चांगलं घर होतं, मागे सफरचंदाचं झाड असलेलं. तरी शनिवारी नाश्ता झाला की त्या निळा कोट घालायच्या, ओठांना किंचित लिपस्टिक लावायच्या आणि विकायला काढलेल्या कुठल्या तरी घराच्या व्ह्यूइंगला निघायच्या.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच आले होते आणि लंडनमध्ये माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "निधी, येतेस का गं? पुढच्या गल्लीत एक आहे. दार हिरवं आहे. आत काय असेल?"

मी गेले. एजंट मुलगा बॉयलरबद्दल, पार्किंगबद्दल, जवळच्या शाळांबद्दल बोलत होता आणि काकू फ्रिजला चिकटवलेलं लहान मुलाचं चित्र बघत उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "नवरा वेगळ्या खोलीत झोपतो. पण भांडण नाहीये. घोरत असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन्ही खोल्यांत एकाच तऱ्हेचा दिवा होता ना. भांडलेली माणसं सारखे दिवे घेत नाहीत."

या नादाची सुरुवात मला त्यांनी पुढे स्वयंपाकघरात सांगितली, पोळ्या लाटता लाटता. संध्याकाळी मी कामावरून आले की त्या घरात कणकेचा आणि गॅसवर तापलेल्या तव्याचा वास असायचा. पुण्यात परत आल्यावर हा वास रोजच येतो, पण त्यानं मला आता स्टॅनमोरच आठवतं.

लग्न करून मिरजेहून त्या इकडे आल्या तेव्हा त्यांचे यजमान विनयकाका रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. केंटनला एका खोलीत बिऱ्हाड होतं. हिटर रॉकेलचा, खिडकीच्या काचा आतून ओल्या. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत बसवत नसे. मग विनयकाकांनी शक्कल काढली. टाय बांधायचा, बसनं स्टॅनमोरला यायचं आणि मोठमोठी घरं बघायची. एजंट त्यांना 'सर' म्हणायचा. काकू नऊवारीतल्या आज्यांच्या हाताखाली वाढलेल्या, तिथल्या गालिच्यांवर बूट घालून चालायचं धाडस होईना. घर बघून झालं की दोघं बाकावर बसून चिप्स खायची आणि सोफा कुठं ठेवायचा यावरून वाद घालायची.

"अगं, खरंच भांडायचो," काकू सांगत होत्या. "ह्यांचं म्हणणं खिडकीशी. मी म्हणायचे, ऊन लागून विटेल. नसलेला सोफा."

पुढे त्यांनी हायस्ट्रीटवरच्या फोटोच्या दुकानात नोकरी धरली. मागच्या बाजूला मशीन होतं, तिथं लोकांचे फिल्मचे रोल धुवायचे. साऱ्या गावाच्या सहली, वाढदिवस, बारशी त्यांच्या हातून जायची. एक बाई दर उन्हाळ्यात बागेतल्या एकाच खुर्चीचे फोटो आणायची, खुर्चीत तिचा नवरा. एका वर्षी खुर्ची रिकामी होती, पण फोटो तेवढेच. काकूंनी त्या दिवशी पाकीट तिच्या हातात देताना पहिल्यांदाच तिच्याशी हवापाण्याच्या पुढचं काही बोलायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही.

"बघू नये ते पुष्कळ बघितलं मी," काकू म्हणाल्या. "पण बाहेर बोलले नाही कधी."

विनयकाका गेले, मुलगा प्रणव बेसिंगस्टोकला स्थायिक झाला, आणि काही महिन्यांनी एका शनिवारी काकूंनी पुन्हा निळा कोट काढला.

हे असंच चाललं असतं. पण माझ्या दुसऱ्या वर्षी एका एजंट बाईनं त्यांना दारातच थांबवलं. अगदी गोड आवाजात विचारलं, "मिसेस खांबेटे, तुम्हाला खरंच मूव्ह व्हायचंय ना? नाही, बाकीचे लोक वाट बघतात म्हणून विचारते." काकू घरी आल्या, कोट टांगला आणि बराच वेळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "एक ठरलेलं आहे बुधवारचं, दुसऱ्या एजंटकडचं. तेवढं करते. शब्द दिलाय."

ते घर मागच्या रस्त्यावर होतं. एजंटला उशीर झाला म्हणून दार मालकानंच उघडलं. उंच, वाकलेले, ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. नाव एकहार्ट लोरेंझ. तरुणपणी जर्मनीहून आले होते आणि इथल्या मुलांच्या शाळेत आयुष्यभर जर्मन शिकवलं होतं. त्यांच्या डोळ्यांना मधलं दिसायचं बंद झालं होतं, फक्त कडेकडेचं धूसर दिसायचं. एडिंबराला मुलीजवळ जायचं म्हणून घर विकत होते. "तुम्ही बघा, मी खाली बसतो," एवढं म्हणून ते खुर्चीत बसले.

काकू वर गेल्या, खाली आल्या आणि जिन्यासमोर थांबल्या. खोलीतून आवाज आला.

"तुम्हाला घर घ्यायचं नाहीये."

काकूंनी विचारलं, "का बरं?"

"घर घेणारे नळ सोडून बघतात. दारं उघडतात, लावतात. तुमची पावलं नुसती थांबतात. तुम्ही काय बघताय?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. म्हणून काकूंनी जे दिसत होतं ते सांगितलं. "भिंतीवर एक चौकोन आहे. तिथला वॉलपेपर बाकीच्यापेक्षा गडद आहे. काही तरी काढलंय इथलं."

"जिन्यासमोर?"

"हो."

ते म्हणाले, "तिथं मार्गरेट होती."

मार्गरेट त्यांची बायको. घर बघायला येणाऱ्यांना दुसऱ्यांचे फोटो आवडत नाहीत, असं एजंटनं सांगितलं असावं. मुलीनं तसबीर काढून ठेवली आणि वडिलांना दिसत नाही म्हणून सांगितलं नाही. रोज जिना उतरताना ते तिच्याकडे बघून मान हलवायचे. किती दिवस भिंतीकडे बघून हलवली, कोण जाणे.

काकूंनी जिन्याखालचं कपाट उघडलं. व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे तसबीर होती. एजंट आला तेव्हा त्याचं गिऱ्हाईक स्टुलावर उभं राहून खिळा चाचपत होतं आणि मालक स्टूल धरून उभे होते.

"ती हसतेय का?" लोरेंझनी विचारलं.

"तोंड मिटलेलं आहे. पण हसू आवरतेय."

"बरोबर. त्याच्या आधीचा फोटो काढताना मी कॅमेऱ्याचं झाकणच काढलं नव्हतं."

"तसे काळे फोटो यायचे आमच्या दुकानात," काकू म्हणाल्या. "लोक पैसे परत मागायचे."

लोरेंझ मोठ्यानं हसले. जाताना त्यांनी विचारलं, "पुढच्या बुधवारी दुपारी मोकळ्या आहात का? मला ऐकू येतं, दिसत नाही. तुम्हाला दिसतं. माझ्याकडे जर्मन सिनेमे आहेत, वर्गात दाखवायचो ते."

"मला जर्मन येत नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले.

असे त्यांचे बुधवार सुरू झाले. दिसेल ते काकूंनी सांगायचं आणि कानावर पडेल ते लोरेंझनी, दोघांनीही इंग्रजीत. मी एकदा घरून काम करत असताना किल्ली विसरलेल्या काकूंना ती द्यायला गेले. दोन खुर्च्या जवळ ओढलेल्या, टीव्हीचा आवाज कमी, आणि दोघं एकाच वेळी बोलत होती. "ती उठली, पडद्याआड गेली," काकू सांगत होत्या. "तो म्हणतोय, उद्या येईन," लोरेंझ सांगत होते. "खोटं बोलतोय," काकू म्हणाल्या, "तोंडावरून कळतंय." लोरेंझनी लगेच विचारलं, "कशावरून? तोंड कसं आहे?" मी दारातच उभी राहिले. कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

काकूंचं बघणं त्यानंतर बदललं. पूर्वी त्या बघून मनात ठेवायच्या. आता बसमधून येताना दिसलेलंही मला सांगायच्या, अगदी बारकाव्यानं, जणू माझेही डोळे गेलेत. प्रणवला मात्र हे खटकलं. एका रविवारी तो आला होता. तो इथंच जन्मलेला, त्याचं मराठी त्याच्या पद्धतीचं.

"आई, तू त्यांचा केअरर नाहीयेस. दर आठवडा जातेस. इट्स अ बिट वीअर्ड, ना?"

"आहेच वीअर्ड," काकू म्हणाल्या. "भाजी वाढू का?"

प्रणव हसला आणि ताट पुढे केलं. पुढच्या वेळी लोरेंझच्या प्लेयरमध्ये डिस्क अडकली तेव्हा तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला.

मला सांगायचाय तो बुधवार त्यानंतरचा, फेब्रुवारीतला. सिनेमा एका एकट्या बाईचा होता. लायब्ररीत काम करणारी, चाळिशीपुढची. समोरच्या इमारतीतल्या एका माणसाला ती रोज खिडकीतून बघते. तो एकटा जेवतो, एकटाच पत्ते लावतो. तिला त्याचं सगळं वेळापत्रक पाठ आहे. एकदा तो दिवसभर दिसत नाही. ती धीर करून तिकडे जाते. दार नुसतं लोटलेलं असतं, आणि तो तापानं फणफणलेला पडलेला. तो तिला बघतो आणि तू कोण म्हणून विचारत नाही. विचारायचं त्राणच नसतं.

इथपर्यंत दोघांनी नेहमीसारखं सांगितलं. मग काकू गप्प झाल्या.

"काय झालं?" लोरेंझनी विचारलं.

"काही नाही चाललेलं."

"मला पाणी ऐकू येतंय."

काकूंना बोलावं लागलं. "तो बाथटबमध्ये आहे. ती बाहेर बसलीय. कपडे घालून," हे त्यांनी घाईघाईनं जोडलं.

"काय करतेय?"

"पाठ धुतेय त्याची."

"कशी?"

काकूंनी इंग्रजीत सुरुवात केली आणि अडकल्या. पाठीच्या पन्हळीला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांना कधी लागलंच नव्हतं. लोरेंझ हळूच म्हणाले, "तुमच्या भाषेत सांगा. मी ऐकतो."

मग काकू मराठीत बोलायला लागल्या. त्याच्या पाठीच्या पन्हळीतून पाणी ओघळतंय, ती तळव्यानं अडवतेय, तिला घाई नाहीये. मानेमागचे केस चिकटलेत. तो डोळे मिटून बसलाय, लाज सोडून दिलेल्या लहान पोरासारखा. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावरचं दृश्य पुढे सरकलंय आणि आपण तिथलं सांगतच नाही आहोत. शेवटच्या आजारात विनयकाकांची पाठ अशीच हाडं वर आलेली झाली होती. साबण लावताना ते म्हणायचे, "जरा डावीकडे, लीला." ही गोष्ट तोवर त्यांनी प्रणवला सांगितली नव्हती, मलाही नाही. ती त्यांनी मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसाला सांगितली.

दृश्य संपलं. सिनेमातली दोघं आता बोलत होती, म्हणजे पाळी लोरेंझची होती. त्यांनी काहीच सांगितलं नाही. खुर्चीचा हात चाचपत त्यांनी काकूंचं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. सिनेमा संपेपर्यंत दोघं तशीच बसली.

"शेवटी ती दोघं काय बोलली?" मी काकूंना विचारलं.

"मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. सिंकपाशी उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. "आणि निधी, मला वाटतं त्यांनीही ऐकलं नव्हतं."

एप्रिलमध्ये घर विकलं गेलं. सामान बांधायला काकू रोज जात होत्या. लोरेंझ हातात वस्तू घ्यायचे, काकू ती काय आहे ते सांगायच्या आणि न्यायची की नाही ते ठरायचं. निघायच्या दिवशी गाडीत बसण्याआधी ते काकूंना म्हणाले, "तुम्ही एकट्याच अशा, ज्यांनी माझं घर खरं बघितलं." काकूंनी त्यांच्या मफलरची गाठ नीट केली आणि म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करा."

फोन आले, दर बुधवारी. दोघांनी आपापल्या घरी एकच सिनेमा लावून बघायचा प्रयत्नही केला, पण एकाचा पुढे जायचा आणि दुसऱ्याचा मागे राहायचा. मग त्यांनी सिनेमा सोडला आणि दोघं नुसतीच बोलायला लागली. त्या उन्हाळ्यात माझं काम संपलं आणि मी परत आले. काकूंनी मला विमानतळावर सोडायला यायचा हट्ट धरला आणि पूर्ण वेळ रांगेतल्या लोकांचं वर्णन केलं, मी रडू नये म्हणून.

पुढच्या मे महिन्यात त्या एडिंबराला गेल्या. एकट्यानं एवढा ट्रेनचा प्रवास पहिल्यांदाच. तिथून त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. मागे खुर्चीत लोरेंझ होते, बारीक झालेले, पण दाढी नीट केलेली. भिंतीवर मार्गरेट होती.

"काय झालं सांगते," काकू म्हणाल्या. "ह्यांची मुलगी म्हणते, खिडकीतून समुद्र दिसतो. हे रोज समुद्राकडे तोंड करून बसतात. मी आले तर मला म्हणाले, बघून सांगा. मी बघितलं. समोर सुपरमार्केटचं छत. त्यावर पाणी साचलेलं, त्यात सीगल पक्षी. पार मागे एक करडी पट्टी, ती समुद्र असेल किंवा ढग असेल."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हेच."

"काय म्हणाले ते?"

काकूंनी फोन थोडा वळवला. लोरेंझना आमचं बोलणं कळत नव्हतं, पण काकूंच्या आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान केली होती.

"खूप वेळ हसले," काकू म्हणाल्या. "मग म्हणाले, सीगल किती आहेत, काय करतायत, सावकाश सांगा."