नऊ दिवसांची रोपं

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या करमाडहून आमच्या चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत चार लुगडी, चष्मा आणि एक पुरचुंडी होती. पुरचुंडीत वांग्याचं बी होतं. घरच्या काटेरी वांग्याचं, दर वर्षी त्यांनी स्वतः धरलेलं. जानेवारीत त्याची रोपं करायची आणि थंडी ओसरली की घरामागच्या वाफ्यात लावायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. त्या वर्षी तो मोडणार, याचं त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुःख होतं.

ऑपरेशन छान झालं होतं, पण चालायचं त्या नाव काढत नव्हत्या. घरी आल्या त्याच दिवशी वॉकर घेऊन उठताना तोल गेला, माझ्या नवऱ्यानं सावरलं, पण भीती बसली ती बसलीच. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाललं नाही तर गुडघा आखडेल, मग कायम दुसऱ्याच्या हाताला धरून उठावं लागेल. नवरा समजावून थकला, मग ओरडून थकला. त्या वॉकरकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "उद्या बघू." सगळा जन्म शेतात उभं राहून काढलेली ती बाई आता भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

म्हणून एक दिवस मीच म्हटलं, "आई, रोपं मी करते. इथंच, घरात."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी शाळेत गणित शिकवते. आजोबा भिक्षुक, वडील कचेरीत कारकून. आमच्या माहेरी कुणी कधी कोथिंबीरसुद्धा पेरलेली नाही. त्यांनी पुरचुंडी काही माझ्यासमोर सोडली नाही. दुपारी शाळेतून आले तेव्हा उशाशी वाटीत बी काढून ठेवलेलं होतं.

मला मात्र एका गोष्टीचा भारी गर्व होता. माहेरी नवरात्रातला घट दहाव्या वर्षापासून माझ्याकडे. माती पसरायची, धान्य पेरायचं, देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. माझा घट असा काही वाढायचा, उंच आणि पिवळाधमक, की शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. वांगं त्याहून अवघड थोडंच असणार? श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत माती भरली, बी पेरलं आणि डबे ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे सरकवून दिले. तिथं अंधार होता, ऊब होती, आणि दोन वेळा पाणी द्यायला मी होते.

सासूबाई रोज पडल्यापडल्या विचारायच्या, "आलं का?" नवव्या दिवशी कोंब आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पुढं मी रोज बातमी द्यायला लागले. दोन बोटं झाली. मग आणखी थोड्या दिवसांनी, "आई, चार बोटं!"

"चार? इतक्यात?"

"हो तर. हात चांगलाय माझा."

"रंग कसा हाय?"

"सुरेख. पिवळा."

मी जाऊन भाकरी थापायला घेतल्या. थोड्या वेळानं मागून टक, टक असा आवाज आला. वळून बघते तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, वॉकर घट्ट धरून, घामानं डबडबलेल्या. मी धावले तर माझ्यावरच ओरडल्या, "मला नको धरू. ते डबं भाईर काढ!"

उजेडात काढल्यावर मलाच कसंतरी झालं. पांढऱ्या दोऱ्यासारखे दांडे, टोकाला दोन पिवळी पानं, निम्मी रोपं आडवी झालेली, बुडाशी कुजलेली.

"मायबाई! असं कुठं शिकलीस तू?"

"घट असाच करतात ना," मी म्हटलं.

आता तोंडसुख घेणार असं वाटलं. पण त्या वॉकरवर भार देऊन हळूच म्हणाल्या, "अगं, घट नऊ दिसांचा असतो. दसऱ्याला उपटून केसात खोवतो आपण. याला लई महिने जगायचंय, ते बी उन्हावाऱ्यात. अंधारात निजवून, पाणी पाजून दांड्यात बळ येतं व्हय?"

मी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"माझ्याकडं काय बघतीस? वांग्याचं बोलतीय मी."

मला रडूच फुटलं. "तुमचं सगळं बी घालवलं मी."

"सगळं कुठं? निम्मंच दिलं होतं."

मग मात्र मला राग आला, अगदी खराखुरा. अकरा वर्षं या घराची सून आहे मी, आणि निम्मंच? रडता रडता तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बी हाय ते," जणू यात सगळं आलं.

उरलेलं बी त्यांच्या देखरेखीखाली पेरलं. सुई तापवून डब्यांच्या बुडाला भोकं पाडली, मातीत करमाडचं शेणखत कालवलं. दिवसभर डबे गॅलरीच्या उन्हात, संध्याकाळी घरात. वरची माती सुकली तरच पाणी, तेही सकाळी. आणि रोपं दिसायला लागल्यावर त्यांच्यावरून रोज तळहात फिरवायचा, हलक्या हातानं, वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. हे काम त्यांनी मला दिलं नाही. त्यासाठी त्या स्वतः यायच्या, खोलीतून गॅलरीत, दिवसातून चार-चार वेळा. "चालायला लागलीस की आई," असं नवरा म्हणाला तर म्हणायच्या, "चालत नाय, रोपाकडं चाललेय."

रोपं बुटकी झाली, जाड दांड्याची, हिरवीगार. थंडी सरल्यावर आम्ही ती करमाडला नेली. सासूबाईंनी खुर्चीत बसून हुकूम सोडले, मी लावली. नंतर त्या तिथंच राहिल्या, एक काठी घेऊन.

या जानेवारीत नवरा करमाडहून आला तो खिशात पुरचुंडी घेऊन. मी गाठ सोडून बघितली आणि लगेच फोन लावला.

"आई, हे किती दिलंय?"

"सगळं. मागं काय ठेवलं नाय."

मी पुरचुंडीची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि म्हटलं, "आणि मी परत घालवलं तर?"

"तर येते की चालत."