मीठ मागणारी जाऊ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर, जंगलाला लागून बोरटोला नावाचं गाव आहे. तिथल्या रुखमाबाईला आजूबाजूच्या चार गावांत लोक ओळखत ते तिच्या रोवण्यामुळे, म्हणजे धानाच्या लावणीमुळे. चौदा बायांची तिची टोळी. आषाढ लागला की बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, चिखलून बसलेले धानवाले तिच्या दारात येत, आणि कोणत्या दिवशी कोणाकडे जायचं ते रुखमाबाई बोटांवर मोजून सांगे. पन्नाशी उलटली तरी ओळीत सगळ्यांच्या पुढे तीच. एकदा वाकली की ओळ संपेपर्यंत पाठ सरळ करायची नाही, ही तिची रीत. इतर बायांनीही तसंच करावं असं तिला वाटे, आणि वाटलेलं ती बोलून दाखवी.

धाकट्या दिरासाठी, रोशनसाठी, मुलगी तिनंच पसंत केली होती. सासू लवकर गेली, रोशनला तिनंच लहानाचं मोठं केलं, म्हणून त्या बाबतीत घरात दुसऱ्या कोणाचा शब्द नव्हता. सिंदेवाहीकडे एका नातलगाच्या शेतावर गेली असताना तिनं रंजीताला पाहिलं. डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी, उजवा हात चिखलात आत-बाहेर, आणि एवढ्या घाईतही प्रत्येक रोप सरळ. घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला, लटारूभाऊंना सांगितलं की रोशनसाठी मुलगी पाहून आले, आता बाकीच्या गोष्टी तुम्ही बोला.

पहिली तीन वर्षं रुखमाबाईला आपल्या निवडीचा मोठा अभिमान होता. रंजीता तिच्या बरोबरीनं ओळ धरी. दोघी जावा पुढे आणि बाकी टोळी मागे. बाया थट्टेनं म्हणत, दोघींना एकाच गाडीला जुंपलं पाहिजे.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यापासून रंजीता बदलली. सकाळी उठवत नसे. विहिरीवरून पाण्याचा एक हंडा आणला की ओट्यावर बसून राही. जेवण कमी झालं, गळ्याची हाडं दिसू लागली, रंग काळवंडत गेला. रुखमाबाईला वाटलं, ऊन लागलं असेल. हाताच्या तळव्यांवरच्या रेषाही काळ्या पडल्या होत्या, जणू त्यांत काजळ भरलंय. भाकरी थापताना ते रुखमाबाईच्या नजरेला आलं आणि ती म्हणाली, हात नीट धूत जा. रंजीतानं उठून पुन्हा हात धुतले. रेषा तशाच राहिल्या. रुखमाबाईनं त्याचा पुढे विचार केला नाही.

रोशन मूलच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. सकाळी जाई, दिवस मावळता येई. त्याच्या बरोबरच्या दोघांनी मूलमध्येच खोल्या घेतल्या होत्या. रुखमाबाईच्या मनानं दोन आणि दोन चार केले. हिला वेगळं राहायचं आहे, म्हणून ही कामातून अंग काढते. हा विचार एकदा बसला, आणि मग रंजीताची प्रत्येक गोष्ट त्याच खुंटीला टांगली जाऊ लागली.

रंजीता सांगत असे, पण थोडक्यात. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, धावत आल्यासारखी. रोशननं तिला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथं रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. मग मूलच्या एका खासगी डॉक्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ठोके फार जलद आहेत, पण हृदयात दोष दिसत नाही, मनावर ताण असेल, असं त्यांनी सांगितलं. रुखमाबाईनं त्यातलं शेवटचं तेवढं धरून ठेवलं. टोळीतल्या बायांना ती सांगे, डॉक्टर म्हणते काहीच नाई, टेन्शन हाय.

आणि मग मिठाची गोष्ट. लटारूभाऊंचा रक्तदाब वाढलेला होता. उपकेंद्राच्या नंदिनी सिस्टरनं घरातलं मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि रुखमाबाईनं ते अख्ख्या घराला लागू केलं. डाळ अळणी, भाजी अळणी. लटारूभाऊ कुरकुरत, रोशन वरून लोणचं घेई. पण रंजीताचं काही वेगळंच चाललं होतं. ती पेजेत मूठ-मूठ मीठ घाली. चिंच मिठाला लावून खाई. एक दिवस दुपारी रुखमाबाई अचानक घरात आली तर रंजीता चुलीपाशी बसून तळव्यावरचं नुसतं मीठ चाटत होती. चोरी पकडल्यासारखी ती दचकली.

"काय करून राह्यली?" रुखमाबाईनं विचारलं.

"बाई, हे खाल्लं का थोडं बरं वाटते."

रुखमाबाईनं बरणी उचलली आणि आतल्या खोलीत पेटीत ठेवून कुलूप घातलं. किल्ली तिच्या कमरेला. स्वयंपाकाला लागेल तेवढं ती स्वतः काढून देई. रंजीतानं नंतर दोनदा मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं नाही.

रोवणा सुरू झाला. रंजीता टोळीत होती, पण ओळीच्या शेवटी. दहा-बारा रोपं लावली की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसे. परतीची वाट जंगलाच्या एका पट्ट्यातून जात होती. वाघ हिंडत असल्यानं बाया घोळक्यानंच परतत, उजेड असेतो. रंजीता मागे पडे, आणि तिच्यासाठी तेरा बायांना थांबावं लागे. घरी चूल पेटवायची, लेकरं वाट पाहतात, आणि ही आपली झाडाला धरून उभी. बाया चिडत. त्यांतली एक तिच्यासारखं छातीला हात लावून चालून दाखवी, आणि बाकीच्या हसत. रुखमाबाई हसली नाही कधी, पण थांबवलंही नाही.

त्याच दिवसांत लसीकरणाला आलेल्या नंदिनी सिस्टरनं रंजीताचा रक्तदाब पाहिला. बसून नव्वद भरला. उभं करून पाहिलं तर सत्तरच्याही खाली गेला आणि नाडी एकशे तीसवर चढली. सिस्टरला वाटलं यंत्र बिघडलं. तिनं दुसरं आणून पुन्हा पाहिलं. तेच आकडे. ती स्वतः चालत घरी आली आणि रुखमाबाईला म्हणाली, हिला चंद्रपूरला न्या, मोठ्या दवाखान्यात, उद्याच. हे कशानं होतं ते मला कळत नाही, पण हे बरं लक्षण नाही.

रुखमाबाईनं हिशेब केला. दोन शेतं बाकी होती, शब्द दिलेला होता, पऱ्हे पिवळे पडत होते. ती म्हणाली, आठ दिवसांत रोवणा आटपतो, मग नेतो. सिस्टरनं रोशनला फोन लावायचं ठरवलं होतं. रुखमाबाई म्हणाली, मीच सांगते त्याला. तिनं सांगितलं, पण "उद्याच" हा शब्द गाळून.

पाचव्या दिवशी रंजीताला ताप होता. आदल्या संध्याकाळपासून दोन-तीन उलट्या झाल्या होत्या. रोशन पहाटेच मिलवर गेला होता. रुखमाबाई म्हणाली, रोवू नको, निदान पऱ्हे वाटायला चल. रंजीता आली. पहिल्या बांधीतच तिच्या हातून जुड्या पडू लागल्या. ती खाली बसली, चिखलातच. बाया थांबल्या. सगळ्यांचे डोळे रुखमाबाईकडे लागले, आणि टोळीपुढे आपला वचक राहावा म्हणून, की इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला म्हणून, कोण जाणे, ती बोलली.

"सोंग पुरे झालं. काम नसन करायचं तर तसं सांग, आमच्या रोवण्यात सोंगवालीचं काम नाई."

रंजीतानं तिच्याकडे पाहिलं. जुड्या गोळा केल्या, उठून उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि तोंडावर बांधीत पडली.

पहिल्यांदा रुखमाबाईच धावली. तिनं तिला उताणी केली, तोंडातला चिखल बोटानं काढला. अंग गार, ओठ काळे, मनगटात नाडी सापडेना. बायांनी तिला ट्रॅक्टरवर घातलं, सडकेवर रुग्णवाहिका आली, मूलला सलाईन लावून तिथूनच चंद्रपूरला पाठवलं. रोशन मूलला गाडीत चढला. तिथून चंद्रपूरपर्यंत तो बायकोचे पाय चोळत होता. रुखमाबाई समोर बसली होती, लुगड्यावरचा चिखल वाळून त्याच्या खपल्या पडत होत्या.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. सलाईन चालू होतं तरी रक्तदाब हवा तसा वर येईना. साखरही उतरली होती. डॉक्टरीणबाईनं रंजीताचे तळवे उलटे करून पाहिले, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर काळे डाग होते. तिनं रोशनला विचारलं, रंग पहिल्यापासून असाच का. रोशन गोंधळला. म्हणाला, लग्नात गोरी होती, उन्हानं झाली असेल.

"या मीठ जास्त खातात का? मागून, शोधून?"

रोशनला काहीच माहीत नव्हतं. त्यानं मान हलवली. खाटेच्या पायथ्याशी उभ्या रुखमाबाईला माहीत होतं. किल्ली त्या वेळीही तिच्या कमरेला होती. गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं.

"खात होती," ती म्हणाली. "नुसतं चाटत होती. मी पेटीत बंद करून ठेवलं."

रोशननं वळून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईनं नाही पाहिलं. तिनं कधीपासून एवढंच विचारलं आणि मग रेषा केव्हा काळ्या झाल्या तेही विचारलं. रुखमाबाईनं सगळं सांगितलं, हात धुवायला लावल्याचंसुद्धा. डॉक्टरीणबाईनं तपासणीसाठी रक्त काढून घेतलं, आणि रिपोर्टची वाट न पाहता एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजीता उशीला टेकून बसली होती आणि भात मागत होती.

पुढे चार दिवसांनी डॉक्टरीणबाईनं रोशन आणि रुखमाबाईला बसवून समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून जो रस निघतो त्यानं अंगातलं मीठ धरून ठेवलं जातं आणि रक्ताचा दाब टिकतो. रंजीताच्या ग्रंथी सुकल्या होत्या. रंजीताच्या लहानपणी तिच्या आईला टीबी होता, तोच नकळत हिच्या अंगात शिरून तिथं जाऊन बसला असावा, पोटाच्या फोटोत तसं दिसत होतं. मीठ लघवीवाटे निघून जाई, दाब पडे, आणि दाब पडला की तो सावरायला हृदय दुप्पट वेगानं पळे. म्हणून ती धडधड. मीठ मागत होतं ते तिचं शरीर. आता टीबीचं औषध पूर्ण करायचं, आणि दुसरी गोळी जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही, आणि ताप आला तर कशी वाढवायची ते लिहून दिलं.

उठताना डॉक्टरीणबाई रुखमाबाईला म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून लवकर लक्षात आलं. रुखमाबाईला ते शब्द अंगाला लावून घेता आले नाहीत. तिला सिस्टरचा "उद्याच" आठवत होता.

सुट्टी झाल्यावर रंजीता दोन महिने माहेरी राहिली. मग रोशननं मूलमध्ये खोली घेतली. तो भांडला नाही. सामान न्यायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, वहिनी, तिकडून दवाखाना जवळ पडते. लटारूभाऊंनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. रुखमाबाईनं केला नाही. ज्या वेगळ्या चुलीची ती उन्हाळ्यापासून शंका घेत होती, ती तिनं आपल्या हातानंच मांडून दिली होती.

त्या हिवाळ्यात ती एकटीच मूलला त्यांच्या खोलीवर गेली. रंजीता बरी दिसत होती. अंगावर मांस आलं होतं, रंग निवळत होता. तिनं चटई टाकली, चहा ठेवला, लटारूभाऊंच्या तब्येतीची चौकशी केली. रुखमाबाई वाटेत मनाशी पुष्कळ बोलून आली होती. चहा संपेपर्यंत त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. शेवटी कप खाली ठेवून ती म्हणाली, "माझ्या हातून लई वाईट झालं, रंजीता. मीठ काऊन मागते, हे मले एकदा तरी विचारायले पायजे होतं."

रंजीतानं रिकामा कप आपल्याकडे ओढला.

"मिठाचं मले काही नाई, बाई. थे तुमाले मालूम नव्हतं, मलेई मालूम नव्हतं. पण बायांच्या समोर तुमी मले सोंगवाली म्हनलं. तुमीच मले रोवताना पाहून आनलं होतं. माझं काम तुमाले मालूम होतं."

रंजीताच्या आवाजात राग नव्हता. तिनं कप उचलून विसळले, आणि परतीची बस चुकू नये म्हणून रुखमाबाईला स्टँडपर्यंत सोडायला आली. वाटेत दोघी भाजीच्या भावाबद्दल बोलल्या.

पुढच्या आषाढात रुखमाबाईनं टोळी दुसऱ्या बाईच्या हाती दिली. गुडघे दुखतात असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. ती ओळीत मधोमध रोवते आता. जी बाई नक्कल करून दाखवत होती, तिच्याशी ती बोलत नाही, पण त्या बाईचा दोष आपल्यापेक्षा लहान आहे हे तिला कळतं.

सणावाराला रोशन आणि रंजीता येतात, दोन दिवस राहतात. रंजीता कामाला हात लावते, हसते, लटारूभाऊंना त्यांच्या गोळीची आठवण करते. सगळं नीट होतं. फक्त ज्या घरात ती चार वर्षं नांदली, तिथं ती आता फडताळ उघडण्याआधी थांबते. "बाई, कप घेऊ काय?" असं विचारते. रुखमाबाई म्हणते, "घे न, तुझंच घर हाय," आणि रंजीता मान डोलावून घेते. थोड्या वेळानं बशी हवी असली की पुन्हा विचारते.