नाकावरची ताडपत्री

जयवंत परब एका जागी बसलेला कुणी पाहिला नाही. नाहूरच्या घरी जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा. बायको, रत्नप्रभा, वैतागायची. "अवो, भात तरी धड गिळा. इमान काय पळान जातला?"

विमान पळत नव्हतं हेच तर दुखणं होतं. जुहूच्या धावपट्टीवर देवदत्तशेठचं चार माणसांचं छोटं विमान होतं आणि जयवंत त्याचा मेकॅनिक. सकाळी थंड इंजिन पहिल्या हिसक्याला बोलायचं. दुपारी उतरून, चहापुरतं थांबून परत चावी फिरवली की पंखा नुसताच गरगरायचा, शेवटी बॅटरी मान टाकायची. जयवंतनं प्लग बदलले, पंप खोलला, ठिणगी तपासली. सगळं ठणठणीत. दुपार झाली की मेलं परत आडवं.

शेठनं सांगून टाकलं, "रविवारी मी स्वतः उडवतो. उतरेन, चहा घेईन, परत निघेन. सुरू झालं तर ठीक, नाहीतर विमान बारामतीला. तिथे माणसं आहेत." जयवंत कुठे जाणार, हे काही शेठनं सांगितलं नाही.

जयवंतची झोप उडाली. विमान चालवायला शिकवणारी गार्गी शनिवारी त्याला म्हणाली, "काका, मंगळवारी भर दुपारी झकास सुरू झालं होतं ना?"

"झाला आसात नशिबान."

"कसलं नशीब! त्या दिवशी ताडपत्री नव्हती. साकीनाक्याला शिवायला टाकली होती तुम्ही."

जयवंत तडकला. ताडपत्री म्हणजे त्याच्या जिवाचा तुकडा. गावी, देवबागेत, होडी किनाऱ्याला लागली की त्याचा बापूस आधी मशीनवर गोणपाट टाकायचा, मग मासळीकडे बघायचा. खारा वारा लोखंड खातो. जुहूचा वारा काय गोड आहे? म्हणून पंखा थांबला रे थांबला की जयवंत धावत जाऊन विमानाच्या नाकावर कापूस भरलेली जाड ताडपत्री चढवायचा आणि पट्टे आवळायचा.

"खारो वारो तुका काय म्हायत? तू मुलुंडची."

"मुलुंडची असले तरी मला चटका बसतो. आत हात घाला बघू."

विमान नुकतंच उतरलं होतं. जयवंतनं ताडपत्रीखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. आत भट्टी. इंजिनाच्या माथ्यावरून पेट्रोलच्या बारीक नळ्या जातात. त्यांतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफ ढकलत बसतो, इंजिनाच्या तोंडात थेंब पडत नाही. बापसाच्या गोणपाटातून उष्णता निघून जायची. ह्या ताडपत्रीतून मुंगी सुटली नसती.

"आवशीचो घोव," त्यानं स्वतःलाच शिवी हासडली.

रविवारी शेठ उतरला. पंखा थांबताच जयवंत सवयीनं ताडपत्री घेऊन धावला.

"काका!" गार्गी ओरडली.

तो जागीच थांबला. ताडपत्री टाकली, विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवलं, आतली उष्णता निघावी म्हणून तेल तपासायचं वरचं झाकण उघडं ठेवलं. मग हात बगलेत दाबून उभा राहिला. शेठ चहा फुंकून फुंकून पीत होता. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा निवांत.

शेवटी शेठ चढला. गार्गीनं सांगितलं तसं त्यानं आधी थोडा वेळ पंप चालवून नळ्यांत गार पेट्रोल ढकललं, मग चावी फिरवली. पंखा गरगरला. इंजिन खोकलं, गप्प झालं. जयवंतनं डोळे मिटले. दुसऱ्यांदा खोकलं आणि धडधडत सुटलं. शेठनं काचेतून हातसुद्धा हलवला नाही, पण बारामतीचं नाव परत काढलं नाही.

तरी खारा वारा होताच. ताडपत्री घालायची, पण इंजिन गार झाल्यावर. म्हणजे तोवर थांबणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नप्रभाचा फोन आला.

"खय आसात? काय करतात?"

"बसलंय गे." ताडपत्री मांडीवर होती आणि तिच्याखाली पाय हलत होता.

"तुमी? बसलात? बरां नाय काय तुमका?"