येडगावजवळचा चर
ओल्या काळ्या मातीचा वास आला की मला येडगावजवळचं पाइपलाइनचं काम आठवतं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून माझं ते पहिलंच काम होतं, आणि बाईला हे जमेल का, असं ऑफिसातले लोक माझ्यादेखतच बोलत. म्हणून ठरल्या दिवशी काम संपवायचंच, असा मी हट्ट धरला होता. शेजारचा कालवा पाझरून पुरुषभर खोल चराच्या कडा भिजल्या होत्या. मजुरांतली एक वयस्क बाई सकाळीच माझ्याकडे आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, माती लई सैल झालीय. आज खाली उतरायला नको." मी म्हणाले, "मावशी, एवढा तुकडा आज झालाच पाहिजे." ती शिडीवरून खाली उतरली. तासाभरात एक कड तिच्या अंगावर ढासळली. सगळ्यांनी फावडी टाकून हातांनी माती उपसली. मावशी जिवंत निघाली, पण कमरेखालचं अंग कायमचं गेलं. दवाखान्यात मी खाटेशी उभी होते, तेव्हा छताकडे बघत ती म्हणाली, "साहेब असता तर बोललेच नसते. तुमी बाईमाणूस, ऐकाल असं वाटलं व्हतं." पुढं चौकशीत मला विचारलं, कुणी आधी सावध केलं होतं का? मी नाही म्हणाले. आज माझ्याकडे दोन जिल्ह्यांची कामं आहेत. नव्या मुली विचारतात, मॅडम, इथवर कशा पोचलात? मी त्यांना चिकाटीचं सांगते, मावशीचं सांगत नाही.