हिरोशिमाच्या विहीणबाईंचा प्रश्न

टोकियोत लेक राहते त्या निशी-कसाईहून सकाळी निघतानाच तिने बजावलं, “बाबा, तिथे विमानपुराण लावू नका हं.” नीरजाचं बरोबर होतं. हवाई दलात मी पस्तीस वर्षं इंजिनं खोलली आणि जोडली. विमानाचा विषय निघाला की मला धरबंध राहत नाही. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानावर तर पुण्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात तीनदा भाषण ठोकलंय. आता त्याच हिरोशिमाला, नीरजाच्या सासूबाईंना पहिल्यांदा भेटायला चाललो होतो.

शिन्कान्सेनने (अतिवेगवान रेल्वे) चार तासांत पोचलो. स्टेशनवर विहीणबाई योशिको-सान उभ्या होत्या. बुटक्या, ताठ, पंच्याहत्तरीच्या. त्या वाकल्या, मी हात जोडून वाकलो, म्हणून त्या पुन्हा वाकल्या. “पुरे, बाबा, कंबर धरेल,” नीरजा म्हणाली.

जेवायला ओकोनोमियाकी (कोबी आणि शेवया घातलेलं जाडजूड धिरडं) होतं. माझ्या घासात मांस येऊ नये म्हणून बाईंनी आधीच हॉटेलात फोन करून ठेवला होता. काड्यांनी खाताना मी निम्मं शर्टावर सांडलं. त्यांनी मुकाट्याने आपला रुमाल पुढे केला. बाई मला आवडल्या.

मग नदीकाठाने चालत एका पुलावर आलो. तिथे आणखी एक पूल आडवा येऊन मिळतो. झालं! माझी जीभ सुटली. “अगं, हाच तो! वरून स्पष्ट दिसतो म्हणून नेम धरायला हाच निवडला. बारा माणसं, रात्रीची निघालेली, तासन्‌तास नुसता समुद्र, आणि बरोबर इथे! काय कसब म्हणायचं!”

नीरजाचा चेहरा पडला. “बाबा, ओकासानची (सासूबाईंची) मोठी बहीण त्या सकाळी गेली. सहा वर्षांची होती.”

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी बोललो ते सगळं सांग त्यांना,” मी म्हणालो, “आणि माझी चूक झाली म्हणावं.” तिने सांगितलं. योशिको-सान नदीकडे पाठ करून वळल्या. मग म्हणाल्या, “घरी चला.”

घरी बुत्सुदानपाशी (गेलेल्या माणसांचं देवघर) त्यांनी मला बसवलं. आत त्यांच्या आईचा फोटो होता. त्या बोलत गेल्या, नीरजा मराठीत सांगत गेली. त्या सकाळी आधी एक विमान येऊन गेलं होतं. धोका टळल्याचा भोंगा झाला, आईने मुलीला अंगणात सोडलं. थोड्या वेळाने पुन्हा घरघर ऐकू आली. मघाचंच परत आलं असेल, असं आईला वाटलं.

“मी तर नंतर जन्मले. पण आई मरेपर्यंत म्हणायची, आवाज ऐकूनच मला कळायला हवं होतं. तुम्हाला इंजिनं कळतात. कळलं असतं का तिला?”

आयुष्यात मला इंजिनाबद्दल इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. “आधीचं विमान हवामान बघायला आलेलं,” मी सावकाश म्हणालो. “दोन्ही एकाच जातीची. तीच चार इंजिनं. इतक्या उंचावरून मलाही कळलं नसतं, योशिको-सान. तुमच्या आईंची काही चूक नव्हती.”

नीरजाचं सांगून होताच त्या फोटोकडे वळल्या आणि हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. मग त्यांनी छोटी घंटा वाजवली. माझे डोळे भरून आले.

परतीच्या गाडीत नीरजाने विषय काढला. लहानपणापासून माझं ऐकून तिला सगळं पाठ. म्हणाली, “बाबा, दुसऱ्या खेपेला सोबतची धरून तीन विमानं होती ना? मग आवाज जास्त नसेल?”

“असेल.”

“मग सांगितलं का नाहीत?”

तपशिलात चूक केली म्हणून मी हाताखालच्या पोरांना ताठ उभं करून झापलंय. त्या बाईंसमोर मात्र एका विमानावरच थांबलो. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी तेवढंच सांगेन.