फलकावरून उतरवलेली जाहिरात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नेमकं ठाऊक नाही.

नाशिकच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सुमन आणि मी शेजारी काम करायचो. निफाडची द्राक्षं यायची. त्यांत फवारणीचं औषध किती उरलंय ते तपासायचं. पगार नव्हता. सरांच्या प्रकल्पाला मंजुरी आली की संशोधन सहायकाची एक जागा निघणार, एवढ्याच आशेवर दोघं होतो. सुमन सुरगाण्याकडची. जागा मिळाली नाही तर तिचं प्रयोगशाळेत येणं बंद, असं तिच्या घरी ठरलं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं.

आमच्याकडची पद्धत अशी — जाहिरात फलकावर लावायची, फाइलसाठी फोटो काढायचा आणि लगेच उतरवायची. म्हणजे बाहेरचे अर्ज येत नाहीत. ही पद्धत मी सुरू केली नाही. पण तिच्याआड लपायचं असेल तर हे सांगायचं तरी कशाला?

जाहिरात निघाली तेव्हा सुमन भातलावणीसाठी गावी होती. मी कागद लावला, फोटो काढला, उतरवून सॅकमध्ये ठेवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"निघाली का रे जाहिरात? रेंजसाठी टेकडीवर चढलेय, लवकर बोल."

"कुठली! मंजुरीच अडकलीय."

"मग काय, माझ्या शेजारीच म्हातारा होणार तू," ती हसली. "लावणी उरकली की येते."

आता मुख्य गोष्ट. सरांनी मला आधीच बजावलं होतं, "सुमनला कळव. तिचा हात तुझ्यापेक्षा साफ आहे." — तुझ्यापेक्षा. तो शब्द मला सहन झाला नाही. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी विचारलं, ती का आली नाही? मी म्हणालो, तिचं लग्न ठरतंय, तिला आता नोकरी नको. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मुलीबद्दल असं सांगितलं की कोण विचारतं?

ती परतली तेव्हा मी रुजू झालो होतो. तिला सांगितलं, सरांनी मला थेट घेतलं, तुझा विषयच काढला नाही. तिने ॲप्रन पिशवीत भरला आणि सरांच्या केबिनवरून न थांबता निघून गेली.

त्या जागेवर माझी पीएचडी झाली. पुढे पोस्टडॉक. सुमन पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत गेली नाही.

गेल्या वर्षी सर वारले. शोकसभेला सुमन आली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "सरांनी एवढं शिकवलं, पण पोरीने लग्नानंतर तोंडसुद्धा दाखवलं नाही."

मी मागे वळलो — आणि मान डोलावली.